दाताला लावलेला मोती

दागिन्यांच्या धंद्यातल्या माणसाला चोराचं भय असेल, असं लोकांना वाटतं. मला चोराचं भय कधी वाटलं नाही. माझ्याकडे चोरण्यासारखं असतं तरी काय? सुया, रेशमाची रिळं आणि लोकांचे मोती. तेही लोकांच्याच डोळ्यांसमोर. मी भिते लिंबाला. खायच्या सोड्याला, चिंचेच्या कोळाला, ब्यूटी पार्लरच्या फवाऱ्याला. लग्नात नवरीच्या गळ्यात मी ओवलेली माळ असली आणि मेकअपवाली सेंटची बाटली उचलताना दिसली, तर हातातलं ताट खाली ठेवून मी धावते. लोक हसतात. हसू द्या.

मोती म्हणजे दगड नाही, हे आधी समजून घ्या. शिंपल्यातल्या जिवानं थरावर थर चढवून केलेली ती वस्तू आहे, चुन्याच्या जातीची. आंबट लागलं की विरते. घाम सुकून राहिला की पिवळी पडते. लॉकरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडली की तडकते. सोन्याला डाग पडला तर सोनार ते आगीत घालतो, ते पुन्हा उजळून निघतं. मोत्याला अशी दुसरी संधी नाही. त्याची झळाळी एकदा गेली की माझ्यासारखी बाई फक्त मान हलवू शकते.

मी विमल. नेर तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, एकही विषय मागे न ठेवता. हे मी अजूनही सांगते, आणि काहून सांगू नये? यवतमाळला एका सराफाच्या दुकानात बिलं करायला लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत हमीदचाचा नावाचे म्हातारे कारागीर मोती ओवत बसायचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी जाऊन बसायला लागले आणि हळूहळू सुट्टी संपली तरी उठेनाशी झाले. माझी याडी, म्हणजे आई, कापडावर आरसे आणि कवड्या अशा बसवायची की धुऊन धुऊन कापड फाटेल, पण टाका हलणार नाही. सुईशी माझी ओळख तिथूनच. बापूंना, म्हणजे वडिलांना, मात्र राग आला. म्हणाले, "बी.कॉम. करून सुईच धराची होती तं घरीच बसाचं होतं. याडीनं फुकटात शिकवलं असतं."

हमीदचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पहले डरना सीख, बेटी. हाथ तो बाद में भी सीख लेंगे."

त्यांची पद्धत मी आजही सोडलेली नाही. आधी जुना दोरा कापायचा. मोती कोमट पाण्यात, अगदी सौम्य साबणाच्या थेंबात हलक्या हातानं धुवायचे. मलमलीवर पसरून सावलीत सुकवायचे. मग एकेक मोती ओठांजवळ धरून त्याच्या भोकात फुंकर मारायची, कारण जुन्या रेशमाचा कुजलेला भुगा आत अडकून बसलेला असतो. "फूँक मार. रास्ता साफ है तो बोलेगा," चाचा म्हणायचे. आणि खरंच, भोक मोकळं असेल तर आतून सुईसारखा बारीक आवाज निघतो. घाण असेल तर मोती मुका राहतो. शेवटी नवा रेशमी दोरा, आणि दर मोत्यानंतर गाठ. गाठ अशासाठी की उद्या माळ तुटलीच तर एकच मोती सुटावा, सगळे घरभर पळू नयेत.

ओवताना दार बंद ठेवायचं. पंखाही बंद. वाऱ्यानं दोरा उडतो आणि सुटा मोती घरंगळत कुठे जाईल याचा नेम नाही. आमच्या यवतमाळच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही.

मला हे लिहायला सांगणाऱ्यांनी गिऱ्हाइकांचे किस्सेही मागितले आहेत. मारेगावच्या एक बाई नथ घेऊन आल्या होत्या. पुतण्याच्या लग्नात नथ चमकायला पाहिजे म्हणून त्यांनी ती लिंबू आणि सोडा घालून उकळली होती. सोनं लखलखत होतं आणि मोती खडूसारखे पांढरेफटक.

"आता याले काय करता येते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही करता येत, काकू."

"अवं, पण थे भांडे तं असे चमकतेत याच्यानं!"

"भांडी चमकतात. मोती मरतात."

त्यांनी नथ माझ्या हातून ओढून घेतली आणि गावभर सांगितलं की यवतमाळात एक मोतीवाली आहे, तिले काही येत नाही. मी काय म्हणणार? एका अर्थी खरंच होतं.

दुसऱ्या एका बाईंनी सासूची मोत्याची माळ धुवायला आणली होती. पाण्यातून काढली आणि माझे हात थांबले. काच होती. भोकाच्या कडेला रंगाची खपली निघालेली. बाई समोर बसून सांगत होत्या की सासूबाई जाताना हीच एक वस्तू माझ्या हातात देऊन गेल्या, मुलींनाही दिली नाही. मी धुतली, पुसली, नव्या रेशमात ओवली आणि दिली. त्यांनी मोती खरे आहेत का असं विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्या जिना उतरेपर्यंत मी दारातच उभी राहिले, आता मागे वळतील आणि विचारतील म्हणून.

खरा-खोटा मोती ओळखायची आमच्याकडे एक घरगुती रीत आहे. मोती समोरच्या दातावर हलकेच घासायचा. खरा असला तर बारीक रेतीसारखी खरखर लागते, खोटा गुळगुळीत घसरतो. हे सगळ्या बायकांना माहीत असतं. पुन्हापुन्हा घासलं तर मोत्याला ओरखडे पडतात, म्हणून मला ते मनातून आवडत नव्हतं. पण मी कोणाला अडवत नसे. आपले मोती बदलले नाहीत याची गिऱ्हाइकाची खात्री त्या दाताशीच व्हायची आणि त्या खात्रीवर माझं पोट होतं.

ते मी आता अडवते. का अडवते, त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

राळेगावच्या पुढे एका गावात शांताकाकूंचं घर आहे. कापूस, तूर, सोयाबीन, घरची मोठी शेती. त्यांच्या घरात तीन पदरी मोत्यांची माळ होती. सासूच्या सासूकडून आलेली. घराची रीत अशी की माळ उंबरठ्याबाहेर जायची ती फक्त घरच्या बाईच्या गळ्यात. दुकानात द्यायची नाही. म्हणून धाकट्या मुलीचं लग्न ठरल्यावर त्यांनी मलाच घरी बोलावलं. दोरा इतका कुजला होता की माळ नुसती उचलली तरी तुटली असती.

मे महिना. पहिल्या दिवशी मी मोती सोडवून धुतले, सुकायला ठेवले. खोलीला काकूंनी स्वतः कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओवायला बसले. जमिनीवर पांढरी चादर, चादरीवर खाचांची पाटी, पाटीत लहान-मोठ्या क्रमानं लावलेले मोती. समोर पाटावर काकू. बाजूला त्यांची सून रूपाली आणि रूपालीच्या मांडीवर तिची लेक परी. परी नुकती चालायला लागली होती. भिंत धरून दोन पावलं टाकायची आणि आपणच टाळ्या वाजवायची. दार लावलेलं, पंखा बंद.

सुरुवातीलाच काकू म्हणाल्या, "थांब. आधी मी पाहून घेतो."

एकेक मोती उचलून त्या दातावर घासायच्या, पदराला पुसायच्या आणि पाटीत परत ठेवायच्या. पूर्ण पाटी. रूपालीला हसू आवरेना.

"आई, मोती झिजाच्या आधी तुमचे दातच झिजतीन."

"झिजू दे. तुले काय कळते? मोती बदलाले काय येळ लागते?" काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मीसुद्धा एकदोन मोती उचलून दाताला लावून दाखवले. बघा, खरेच आहेत म्हणून. परी डोळे मोठे करून आमच्या तोंडाकडे बघत होती. एकदा आजीकडे, एकदा माझ्याकडे. कोणाच्या मनात तेव्हा काहीच आलं नाही.

पहिला पदर ओवून झाला. रूपाली चहा आणायला उठली, परी चादरीच्या कडेला बसली. मी मान खाली घालून गाठी मारत होते, काकू माझ्या बोटांवर नजर रोवून होत्या. दुसऱ्या पदराचे मोती घ्यायला गेले तर पाटीतली एक खाच रिकामी.

अशा वेळी पहिल्यांदा स्वतःचे हात बघायचे, मग मांडी, मग चादरीची घडी. मी बघितलं. नव्हता.

"काकू, एक मोती दिसत नाही."

काकू उठून उभ्या राहिल्या. "दिसत नाई म्हणजे?"

"असेल इथंच. कोणी हलू नका."

"गजू!" त्यांनी मुलाला हाक मारली. गजूभाऊ ओसरीवरून आत आले, मागून चहा घेऊन रूपाली. "दाराले कडी लाव. मोती गेला. कोणी बाहेर जायचं नाई."

"कोण जाऊन राह्यलं बाहेर?" गजूभाऊ म्हणाले, पण त्यांनी कडी लावली.

तेवढ्यात परीला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, दोनचारदा जोरात खोकली. रूपालीनं तिला उचलून पाठीवरून हात फिरवला, घोटभर पाणी पाजलं. "लाळ अडकली असन," ती म्हणाली. खोकला थांबला. परी रडलीसुद्धा नाही. आईच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प पडून राहिली. आम्ही सगळे पुन्हा जमिनीकडे वळलो.

चादर झटकली. पाट उचलला. कपाटाखाली गजूभाऊंनी काठी फिरवली. काकू माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"पिशवी पाहू तुही."

मी पिशवी उलटी केली. सुया, कात्री, रिळं, डबा, पाण्याची बाटली. ओढणी झटकली. नंतर कोणी न सांगता मी केस सोडले आणि ते झटकून दाखवले.

"आता अजून काय पाहाचं आहे, काकू?"

"मले काय माहीत? तांड्यावरची पोट्टी, कितीही शिकली तं..." एवढं बोलून त्या थांबल्या. रूपाली म्हणाली, "आई!" पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

आमच्या लोकांना हे वाक्य पूर्ण ऐकायची गरज पडत नाही. त्याचा उरलेला अर्धा भाग आम्ही लहानपणीच ऐकलेला असतो. डोळ्यांसमोर दिसत होतं, उद्या राळेगावात, परवा यवतमाळात सगळ्यांना कळेल. मग कोणतं घर मला उंबरठ्याच्या आत घेणार? मी पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि फरशीच्या सांधीतून बोटं फिरवायला लागले. तो मोती सापडावा म्हणून मी आमच्या संत सेवालाल बापूंना हात जोडले.

कोणी बोलत नव्हतं. पंखा बंद, दार बंद. आणि त्या शांततेत मला तो आवाज आला.

बारीक. सुईसारखा. येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. आधी वाटलं डास असेल. मग वाटलं स्वयंपाकघरात कुकर. मी डोकं वर केलं तसा तो नीट ऐकू आला. रूपालीच्या खांद्याकडून येत होता. परीच्या श्वासाबरोबर.

हा आवाज मी रोज ओठांनी काढते. मला तो ओळखायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो बोलायला. कारण पहिला विचार हाच आला की मी हे बोलले तर काकू म्हणतील, स्वतःवरचं लेकरावर ढकलते. एवढा विचार यायला लागतो तेवढाच वेळ, पण तो गेलाच. मग मी उठले आणि परीच्या पाठीला कान लावला.

"रूपाली, मोती हिच्यात आहे. श्वासाच्या वाटेत."

"काय बोलून राह्यली तू?" काकू ओरडल्या.

"शू! गप्प राहा. ऐका."

सगळे थांबले. सुंई. सुंई. गजूभाऊंचा चेहरा एका क्षणात राखेसारखा झाला. रूपालीनं परीच्या तोंडाशी कान नेला. काकूंनी सगळ्यात आधी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, दातांवर. त्यांना कळलं होतं. लेकरानं आजीचं पाहून तसंच केलं होतं.

मग एकदम सगळे बोलायला लागले. "केळं आण! केळ्याबरोबर खाली उतरते!" काकू. "पाय धरून उलटी करू," गजूभाऊ. त्यांनी परीचे पाय धरलेसुद्धा. मी मध्ये पडले.

माझी डिग्री कॉमर्सची. डॉक्टरकीतलं मला काही येत नाही. एवढंच कळत होतं की आवाज श्वासाबरोबर येतो, म्हणजे मोती पोटात नाही. आणि आवाज येतो, म्हणजे भोक मोकळं आहे. तो जरासा फिरला आणि भोक आडवं झालं तर? पुढचं मनात आणायचीही हिंमत नव्हती. "भाऊ, हात लावू नका. डॉक्टरले फोन लावा आधी," मी म्हणाले.

गावातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते अजून कानात आहे. उलटं करू नका. तोंडात बोट घालू नका. काही खाऊ-पिऊ घालू नका. बसतं धरा, रडू देऊ नका, सरळ यवतमाळला घेऊन जा. मी तिथं कळवतो.

गजूभाऊ दाराकडे धावले आणि कडी निघेना. त्यांनीच घट्ट लावली होती. हात घामानं घसरत होते. ती कडी उघडेपर्यंत आम्ही सगळ्या बायका श्वास न घेता उभ्या होतो, आणि खोलीत फक्त परीचा श्वास वाजत होता.

गाडीत रूपालीनं तिला मांडीवर बसतं धरलं. मी शेजारी, कान परीच्या पाठीशी. काकू पुढे. काचा वर, कारण वाऱ्यात ऐकू येईना. एसीही बंद, कारण त्याच्या घरघरीत ऐकू येईना. मेच्या उन्हात ती गाडी भट्टी झाली होती. परी रडवेली होत होती आणि तिला रडू द्यायचं नव्हतं. रूपाली तिच्या कानात हळू आवाजात गुणगुणत होती आणि स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होती.

"वाजते का?" काकू पुढून विचारायच्या. मागे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"वाजते."

दर वळणावर, दर खड्ड्यात. "वाजते का वं?" "वाजते, काकू." गजूभाऊंच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते.

कळंबच्या अलीकडे गाडी एका गतिरोधकावरून उडाली आणि आवाज बंद झाला.

"वाजते का?"

मी कान आणखी घट्ट लावला.

"विमल! वाजते का?"

परीच्या नाकपुड्या फुगल्या, ओठांभोवती निळसर झाक आली. रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी पुन्हा कोणाची पाहिली नाही आणि पाहायची नाही. गजूभाऊंनी ब्रेक दाबायला पाय हलवला, आणि मी ओरडले, "थांबू नका!" कोणी सांगितलं मला तसं ओरडायला, माहीत नाही. मी तिची पाठ दोन्ही हातांनी सरळ धरली. आणखी काय करणार होते? हातात सुई नव्हती, दोरा नव्हता, काही नव्हतं.

मग परी एकदा खोकली. कोरडं, घशातून नाही, खोलातून. आणि आवाज आला. आधीसारखा नाही, आणखी बारीक, एका बाजूनं, उजवीकडून. ओठांवर हळूहळू रंग आला.

"वाजते," मी म्हणाले. काकूंनी गाडीच्या काचेवर डोकं टेकलं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर दारातच उभे होते. परीला आत नेलं. दुर्बीण घालून काढावा लागेल म्हणाले. रूपाली आणि गजूभाऊ आतल्या दाराशी उभे राहिले. बाकावर काकू आणि मी. तिथं माझ्या कानाला काहीच काम उरलं नव्हतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं. गाडीत निदान ऐकू तरी येत होतं. आता बंद दारापलीकडे तो आवाज चालू आहे की थांबला, हे सांगणारं कोणी नव्हतं. माझे केस तसेच सुटलेले होते, हे मला तिथं लक्षात आलं.

बऱ्याच वेळानं काकूंचा हात माझ्या मनगटावर आला. गार होता.

"तू बी.ए. हायस का वं?"

"बी.कॉम."

"बी.कॉम.," त्या म्हणाल्या. मनगट त्यांनी सोडलं नाही.

डॉक्टर बाहेर आले ते छोट्या बाटलीत मोती घेऊन. म्हणाले, परी ठीक आहे, मोती उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसला होता. "भोक नसतं तर..." एवढं बोलून तेही थांबले. त्या दिवशी दोन वाक्यं माझ्यासमोर अर्धवट राहिली. दोन्हीचा शेवट मला ठाऊक होता.

तेव्हापासून माझ्या कामाचे काही नियम बदलले. दाताला मोती लावू देत नाही. कोणी लावलाच तर हात धरते, मग समोर कितीही मोठ्या घरची बाई असो. खात्री हवी असेल तर दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून दाखवते, तीच खरखर हाताला लागते. मोती पसरलेल्या खोलीत लहान मूल असलं की मी पाटी झाकते आणि हात बांधून बसते. चार बायका नाक मुरडतात. मुरडू द्या. दाराला कडी लावू देत नाही, नुसतं लोटून घेते. पंखा मात्र अजून बंदच ठेवते. आता दोऱ्यासाठी कमी, ऐकू यावं म्हणून जास्त. ओवता ओवता मधेच मी थांबते आणि खोलीत कोण कोण श्वास घेतं ते ऐकते. ही सवय जाणार नाही.

लग्नाच्या आधी काकूंनी पुन्हा बोलावलं. मला जायचं नव्हतं. याडी म्हणाली, "अर्धी माळ ठेवून येतेत का कोणी?" म्हणून गेले.

तीच खोली. चादर, पाटी, पाट तयार. काकूंनी उरलेल्या मोत्यांची पुरचुंडी माझ्यासमोर ठेवली आणि पदराच्या गाठीतून ती बाटली काढली. मला वाटलं, हा मोती नको म्हणतील. नदीत सोडतील, देवाला वाहतील.

"हाही घाल," त्या म्हणाल्या. "त्याचा काय दोष? त्यानं तं वाट मोकळी ठेवली."

आणि त्या उठून चालू लागल्या.

"काकू, तुम्ही बसत नाही?"

"कायले?"

"बाकीचे मोती सुटे आहेत सगळे."

"मंग ओव न. मले सैपाकाचं पाहाचं आहे."

त्या गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मोत्यांपुढे एकटी बसले होते. कोणाची नजर बोटांवर नव्हती. सुईत दोरा जाईना. संशयात काम करायची मला सवय होती. एकेक मोती उचलताना वाटायचं, आता हा घरंगळला तर? कोणाला सांगू, कोण बघतंय? मी दोनदा हाक मारली, "काकू, या न इकडे, मले भेव वाटते." स्वयंपाकघरातून त्या हसल्या. आल्या नाहीत.

तिसरा पदर अर्धा झाला असेल तेव्हा अंगणात परीनं भोकाड पसरलं. कोणी काही हातातून काढून घेतलं असावं. सगळं घर दणाणून जाईल असा तिचा सूर लागला होता. मी सुई धरून ऐकत राहिले. रूपाली तिला उचलायला ओसरीवर आली असावी, कारण काकूंचा आवाज आला.

"रडू दे वं तिले. किती मोकळ्या गळ्यानं रडून राह्यली पोट्टी."

कोणीच तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळपर्यंत ती रडत राहिली आणि त्या रडण्यात मी पुढची गाठ मारली.